कुंडींतील जुनी माती व घरचें माळवें

आपल्या नांदेड-लातूरकडील गांवांत हल्लीं घरोघर कुंड्या दिसूं लागल्या आहेत. माळवदाचीं घरें जाऊन सिमेंटचीं घरें आलीं, गच्च्या मोकळ्या राहिल्या, आणि त्या गच्च्यांवर तुळशीच्या जोडीला मिरची, वांगें, टोमॅटो, मेथी, कोथिंबीर यांनीं जागा धरली. ज्यांचें शेत गांवापासून कोस-दीड कोस दूर आहे त्या घरांत रोजचें माळवें हाताशीं मिळावें, ही सोय लहान नाहीं. परंतु एक-दोन हंगाम झाले कीं कुंडींतील झाड खुरटतें, फळ बारीक धरतें, पानें पिवळीं पडतात, आणि घरांत एकच निकाल दिला जातो : "माती मेली." मग ती माती रस्त्याच्या कडेला अगर उकिरड्यावर ओतली जाते व नवी माती आणावयास कोणीतरी टोपलें घेऊन शेताच्या बांधाकडे निघतो.

या निकालाची फेरतपासणी व्हावी एवढाच या लेखाचा हेतु आहे. महसूल खात्यांत ज्याचा जन्म गेला त्याला एक संवय लागते. खातें बुडालें असें कोणी सांगितलें तरी तो आधीं जमा, वजा व शिल्लक पाहतो. कुंडींतील मातीचें खातें असें उघडून पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, ती मेलेली नसते. तिच्यांतून दोन वस्तु कमी झालेल्या असतात : अन्न व हवा. आणि दोन वस्तु वाढलेल्या असतात : क्षार व रोगाचें बीज. कमी झालें तें भरावें, वाढलें तें काढावें, म्हणजे तीच माती पुन्हां पीक देते. मात्र हीं चार कलमें तपासल्यावांचून जुनी माती तशीच वापरणें धोक्याचें आहे. आणि तो धोका कुंडीपुरता राहत नाहीं, रोपांबरोबर शेतापर्यंत जातो.

नवी माती फुकट नसते

वीस लिटरच्या तीस कुंड्या म्हणजे ६०० लिटर माती. वजनानें सुमारें पाऊण टन. ती येते कोठून? शेताच्या वरच्या थरांतून, म्हणजे जो थर आपण नांगरतों, खततों व राखतों त्यांतूनच. दर वर्षीं पाऊण टन वरची माती गच्चीवर न्यावयाची व वर्षाअखेर ती रस्त्यावर टाकावयाची, हा व्यवहार कोणत्याहि कुणब्याला पटण्याजोगा नाहीं. कोकोपीट घेतलें तर तें केरळ-तमिळनाडूकडून येतें व त्याला रोकड मोजावी लागते. आपले वाडवडील मातीला जुनी म्हणून टाकीत नसत. पडक्या घरांच्या भिंतींची माती गाड्या भरून शेतांत नेण्याची चाल पुष्कळ गांवांतून होती. कारण मनुष्यवस्तीच्या मातींत नत्र साठतें हें त्यांना अनुभवानें कळलें होतें. तोच विचार आज कुंडीच्या मातीस लावावयाचा आहे.

पहिलें कलम : अन्न

टोमॅटोच्या एका झाडानें तीन किलो फळ दिलें असें धरूं. तेवढें फळ व झाडाचा पाला मिळून मातींतून सुमारें ८ ते ९ ग्रॅम नत्र व १२ ते १५ ग्रॅम पालाश उचलला जातो. शेतांत मुळें खोल व दूर जाऊन हें भागवितात. कुंडींत त्यांना भिंत आडवी येते. शिवाय रोजच्या पाण्याबरोबर विरघळलेलें नत्र तळाच्या भोंकांतून निघून जातें. म्हणून एका हंगामानंतर माती भुकेली असते, यांत नवल नाहीं.

ही भूक भागविणें सर्वांत सोपें आहे. २५ लिटरच्या कुंडीला चौथा हिस्सा, म्हणजे सुमारें सहा लिटर, चांगलें कुजलेलें शेणखत अगर गांडूळखत व १०० ग्रॅम निंबोळी पेंड घालावी. शेणखतांत नत्र शेंकडा अर्ध्याच्या आसपास व गांडूळखतांत शेंकडा दीडच्या आसपास असतें, आणि त्यांतील थोडाच भाग त्या हंगामांत झाडास मिळतो. बाकीचा पुढील हंगामाच्या शिलकेस राहतो. निंबोळी पेंडींत शेंकडा पांचच्या आसपास नत्र असतें व तें लवकर लागूं पडतें. पालाशासाठीं अर्धापूर-मुदखेडकडील शेतकऱ्यांनीं दूर जाण्याचें कारण नाहीं. केळीचे खुंट व पानें बारीक तोडून खतांत कुजविलीं कीं पालाश भरपूर मिळतो.

येथें दोन सूचना आहेत. सोयाबीनचा भुस्सा, गव्हाचा कोंडा अगर लांकडाचा भुसा कच्चा कधींहि कुंडींत मिसळूं नये. तो कुजतांना मातींतील नत्र स्वतःच ओढून घेतो व झाड पिवळें पडतें. आधीं खड्ड्यांत शेणाबरोबर कुजवून मगच तो वापरावा. इंदूरच्या वनस्पति-उद्योग संस्थेंत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं शेतांतील टाकाऊ पाला, शेण व राख यांचे थर देऊन खत करण्याची जी रीति बसविली व १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली, ती आजहि या कामीं पुरी पडते. दुसरी सूचना चुन्याची. पावसाळी आंबट मातीच्या मुलखांत जुन्या मातीस चुना देण्याची शिफारस करतात. आपली काळी माती मुळांतच चुनखडीची आहे, विहिरीचें व बोअरचें पाणीहि बहुधा जड असतें. तेव्हां आपल्याकडे कुंडीस चुना मुळींच नको, आणि चुलीची राखहि मूठभरापेक्षां जास्त नको. खात्री करावयाची असेल तर चिमूटभर कोरड्या मातीवर लिंबाचा रस पिळावा. फसफसली तर चुना आहे असें समजावें.

दुसरें कलम : हवा

नवी भरलेली कुंडी काठोकाठ असते व वर्षभरानें चार बोटें खालीं बसते. जें बसलें तें खत होतें. तें कुजून गेलें आणि त्याबरोबर मातींतील पोकळीहि गेली. आपल्या काळ्या मातीचा यांत आणखी एक अवगुण आहे. ती भिजली कीं फुगते व वाळली कीं आखडते. शेतांत तिला भेगा पडतात. कुंडींत ती सबंध ढेंकूळ होऊन कडेपासून सुटते. मग वरून घातलेलें पाणी कडेच्या फटींतून सरळ खालीं वाहून जातें, आपल्याला वाटतें कुंडी भिजली, आणि आंतील गड्डा कोरडाच राहतो. झाड पाण्यावांचून वाळतें व दोष मातीच्या कसाला लागतो.

उपाय असा. माती ओतून ढेंकळें फोडावीं, जुनीं मुळें व खडे वेचावे, मोठ्या भोंकांच्या चाळणीनें चाळावी. मिश्रणांत काळी माती तिसऱ्या हिश्शाहून अधिक नसावी. बाकी जाड वाळू, बारीक मुरूम किंवा फुटक्या विटांचा चुरा आणि कुजलेलें खत असावें. परीक्षा मुठीची : ओलसर माती मुठींत दाबावी, मूठ उघडल्यावर गोळा राहावा व बोटानें टोंचतांच फुटावा. न फुटेल तर वाळू कमी आहे, मुळींच न जमेल तर खत कमी आहे.

तिसरें कलम : क्षार

कुंडीच्या काठावर व मातीवर जो पांढरा थर येतो तो क्षारांचा. पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात. ज्या बोअरच्या पाण्यांत लिटरामागें एक ग्रॅम क्षार आहेत तें पाणी रोज दोन लिटर घातलें व खालून निचरा झाला नाहीं, तर शंभर दिवसांत त्या एका कुंडींत २०० ग्रॅम क्षार जमा होतात. पानांच्या कडा करपणें, बीं न उगवणें हीं याचीं लक्षणें.

क्षार धुतल्यानेंच जातात, आणि येथें आपली मोठी अडचण आहे. ज्या लातूर शहराला १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून आगगाडीनें सुमारें ५ लाख लिटर पाणी पोंचवावें लागलें, व पुढें तशा खेपा चालूच ठेवाव्या लागल्या, त्या मुलखांत कुंड्या धुवावयास पाणी घ्या असें सांगणें शोभणार नाहीं. म्हणून हें काम पावसावर सोंपवावें. मातीचा जेवढा जाड थर तेवढेंच उंच पाणी त्यांतून झिरपलें तर सुमारें शेंकडा ८० क्षार निघून जातात, असा जमीन-सुधारणेंतील ठोकताळा आहे. कुंडींत माती एक फूट खोल असते. तिला एक फूट पाऊस लागेल. तीच माती जुन्या गोणपाटावर चार बोटें जाडीनें पसरली तर ८ सेंटिमीटर, म्हणजे ८० मिलिमीटर झिरपलेलें पाणी पुरतें. लातूरचा सरासरी पाऊस वर्षास सुमारें ८०० व नांदेडचा सुमारें ९०० मिलिमीटर. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस हें काम फुकट करून देतात. मात्र गोणपाट उताराच्या जागीं व कडेस विटा लावून घालावें, म्हणजे पाणी जाईल पण माती वाहणार नाहीं. खत या धुण्यानंतर घालावें. आधीं घातल्यास क्षारांबरोबर तेंहि वाहून जाईल.

चौथें कलम : रोगाचें बीज

या कलमाकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावें. कारण अन्न, हवा व क्षार यांचें नुकसान एका कुंडीचें असतें, रोगाचें नुकसान सबंध शेताचें होऊं शकतें. कुंडी ओततांना जुनीं मुळें फेंकूं नयेत, तीं नीट पाहावीं. वांगें, टोमॅटो, भेंडी, काकडी यांच्या मुळांवर मण्यांसारख्या गांठी दिसल्या तर मातींत सूत्रकृमि आहेत. (हरभरा, चवळी, मेथी यांच्या मुळांवरील गांठी वेगळ्या, त्या बाजूस चिकटलेल्या असतात, नखानें सहज सुटतात व हितकर आहेत.) खोड चिरून आंत तपकिरी रेघ दिसली व झाड हिरवें असतांनाच माना टाकून वाळलें असेल तर मर रोग आहे. कोंवळीं रोपें जमिनीलगत मऊ पडून आडवीं झालीं असतील तर रोपें कोलमडण्याची बुरशी आहे. पांढऱ्या, वांकड्या, जाड अळ्या निघाल्या तर ती हुमणी. ती कोंबड्यांपुढें टाकावी.

रोगी मातीस आपल्याकडे एक औषध विपुल आहे, आणि तें म्हणजे चैत्र-वैशाखाचें ऊन. ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद घालून उन्हानें माती तापविण्याची रीति इस्राएलांत कातान व त्यांचे सहकारी यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केली. हैदराबादेजवळ पाटणचेरू येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेंत तूर व हरभऱ्याच्या मर रोगावर १९८० नंतरच्या दशकांत तिचे प्रयोग झाले. तेथील ऊन व आपलें ऊन यांत फारसा भेद नाहीं. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत रोपवाटिकेच्या मातीसाठीं असा दंडक आहे कीं, दुहेरी कागदाखालीं एक फुटापेक्षां कमी उंचीचा ढीग ७० अंश सेंटिग्रेडवर अर्धा तास अगर ६० अंशावर एक तास तापला पाहिजे. आपल्याजवळ उष्णतामापक नसेल तर वेळ वाढवावा. एप्रिलच्या मध्यापासून रोहिणी लागेपर्यंत, म्हणजे पांच-सहा आठवडे, माती कागदाखालीं ठेवावी.

त्याची कृति : चाळलेली माती ओलसर करावी, कारण कोरड्या मातींत उष्णता शिरत नाहीं व बुरशीचें बीज कोरडें असतां चिवट असतें. गच्चीवर आधीं एक कागद अंथरून त्यावर माती वीतभर जाडीनें पसरावी. वर पारदर्शक कागद घालून कडा विटांनीं व मातीनें घट्ट दाबाव्या. काळा कागद या कामीं चालत नाहीं. तो स्वतः तापतो, माती तितकी तापत नाहीं. आठवड्यानें एकदां माती खालवर करून पुन्हां झांकावी.

तापलेल्या मातींत वाईट जंतूंबरोबर कांहीं चांगलेहि जातात. सबब पेरणीपूर्वीं चांगल्यांची भरती करावी लागते. एक किलो कुजलेल्या खतास १० ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळून तें सावलींत ओल्या गोणपाटाखालीं दहा-पंधरा दिवस ठेवावें व मग मातींत मिसळावें. १९७२ सालीं स्थापन झालेल्या परभणीच्या कृषि विद्यापीठांत वनस्पतिरोगशास्त्र विभाग 'बायोमिक्स' या नांवाचें जैविक मिश्रण तयार करतो; तेंहि या कामास उपयोगी आहे.

वर्षाचें वेळापत्रक

या सर्व गोष्टी वेगवेगळ्या कष्टाच्या वाटतात. परंतु नक्षत्रांप्रमाणें मांडल्या तर एकामागून एक आपोआप बसतात. पाडव्यानंतर कुंड्या ओताव्या, मुळें तपासावीं, माती चाळावी. एप्रिलच्या मध्यापासून रोहिणीपर्यंत कागदाखालीं तापवावी. मृगांत कागद काढून गोणपाटावर चार बोटें पसरावी व पावसांत धुवूं द्यावी. आर्द्रांत, उघाडीच्या दिवशीं, वाळू, खत, पेंड व ट्रायकोडर्मा मिसळून कुंड्या भराव्या व आठ-दहा दिवस ओलसर ठेवाव्या. पुनर्वसूंत पेरावें. ज्या वर्षीं मृग कोरडा जाईल त्या वर्षीं माती पसरलेलीच ठेवावी. पावसाची वाट पाहणें खारट मातींत बीं फुकट घालविण्यापेक्षां बरें.

पेरण्यापूर्वीं एक स्वस्त परीक्षा आहे. एका पसरट भांड्यांत ती माती घालून मोहरीचे शंभर दाणे टाकावे. आठ दिवसांत बहुतेक दाणे उगवून रोपें हिरवीं व सरळ उभीं राहिलीं तर माती पास. उगवण निम्मी झाली, अगर रोपें पिवळीं-वांकडीं निघालीं, तर क्षार अगर तणनाशक शिल्लक आहे असें समजावें. सोयाबीनच्या शेतालगतची माती कुंडींत घेणाऱ्यांनीं ही परीक्षा अवश्य करावी. कांहीं तणनाशकांचा अंश जमिनींत कित्येक महिने टिकतो व मोहरीला तो चटकन् बाधतो.

पिकांचा फेर

माती सुधारली तरी त्याच कुंडींत तेंच पीक पुन्हां घेऊं नये. वांगें, टोमॅटो, मिरची व बटाटा हे एकाच घराण्यांतले आहेत. भेंडी, अंबाडी व कापूस दुसऱ्या. काकडी, दोडका, कारलें व भोपळा तिसऱ्या. मुळा, मोहरी व कोबी चौथ्या. टोमॅटोमागून मिरची घालणें म्हणजे एका भावाचें कर्ज दुसऱ्या भावाच्या नांवें फिरविणें होय. सुधारलेल्या मातींत पहिल्या पाळीस मेथी, कोथिंबीर, पालक घ्यावीं. त्यांचीं मुळें उथळ, मागणी थोडी, व माती कशी आहे तें महिन्याभरांत कळतें. दुसऱ्या पाळीस चवळी, गवार अगर घेवडा. तिसऱ्या पाळीस खताची भर घालून टोमॅटो अगर वांगें. सूत्रकृमींचा संशय आलेल्या कुंडींत एक पाळी झेंडू घ्यावा. त्याच्या मुळांनीं सूत्रकृमि हटतात व दसरा-दिवाळीचीं फुलें घरचीं होतात.

हा फेर तोंडीं लक्षांत राहत नाहीं. कुंड्यांवर रंगानें नंबर टाकावे व एका वहींत प्रत्येक नंबराखालीं पेरा, खत व रोग नोंदवावा. सातबाऱ्यावर शेताची पीकपाहणी लागते तशी ही गच्चीची पीकपाहणी. घरांतील शाळेंत जाणाऱ्या मुलामुलीकडे हें काम दिल्यास तें अधिक नेटकें होतें.

कोणती माती पुन्हां वापरूं नये

जुन्या मातींत रोपें तयार करूं नयेत. हा नियम मोडण्यानें फार नुकसान होतें. कुंडींतील एक झाड सूत्रकृमींनीं आजारलें तर एक झाड जाईल. त्याच मातींत केलेलीं रोपें एकरभर लाविलीं तर सूत्रकृमि एकरभर पसरतील, आणि मग त्यांना काढण्याचा सोपा उपाय नाहीं. २०२०-२१ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेखालीं भाजीपाल्याच्या रोपवाटिका निघाल्या आहेत. त्यांतून व खाजगी रोपवाटिकांतून ट्रेमधील वापरलेलें कोकोपीट पुष्कळ निघतें. तें स्वच्छ धुवून व तापवून मोठ्या कुंड्यांत पोकळीसाठीं मिसळावें, ट्रेमध्यें पुन्हां भरूं नये. रोपांसाठीं नवें अगर पुरतें तापविलेलें माध्यमच घ्यावें.

गांठी अगर मर रोग आढळलेली व न तापविलेली माती बांधावर, उकिरड्यावर किंवा शेतांत टाकूं नये. ती निराळी ठेवून पुढील उन्हाळ्यांत दोनदां तापवावी, आणि खात्री नसेल तर शोभेच्या झाडांस द्यावी. हळदींत कंदकूज आलेल्या शेताची माती आल्याच्या अगर हळदीच्या कुंडीस घेऊं नये. औषधांचे रिकामे डबे कितीहि धुतले तरी त्यांत खाण्याचें माळवें लावूं नये.

शेवटचा हिशेब

मुंबईसारख्या शहरांत, जेथें मूठभर मातीचीहि वाण, तेथें पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर श्रीमती प्रीती पाटील यांनीं स्वयंपाकघरांतील टाकाऊ भागाचें खत करून भाज्या व फळझाडें वाढवून दाखविलीं आहेत. आपल्या दाराशीं गोठा आहे, निंबाचें झाड आहे, केळीचा पाला आहे, आणि वैशाखाचें ऊन तर हवें त्याहून अधिक आहे. विकत घ्यावयाचें तें प्लॅस्टिकचा कागद, थोडी पेंड व पावशेर ट्रायकोडर्मा; कागद जपून ठेवला तर दुसऱ्या उन्हाळ्यासहि चालतो.

वाचकांनीं सर्वच कुंड्यांवर एकदम प्रयोग करूं नये. दहा कुंड्यांपैकीं पांच नव्या मातीच्या व पांच सुधारलेल्या जुन्या मातीच्या ठेवाव्या, एकच बीं, एकच पाणी द्यावें, आणि तोडणी वेगळी वजन करून वहींत लिहावी. दोन्हींच्या वजनांत पावकिलोचाहि फरक पडला तर तो कोणत्या कलमामुळें पडला हें वरील चार कलमांवरून शोधावें. अशा वह्या पांच-दहा गांवांतून जमल्या तर आपल्या नांदेड-लातूरच्या पाण्याला व मातीला कोणतें मिश्रण मानवतें याचा निकाल या मासिकाच्या पुढील अंकांतून देतां येईल. आणि तो निकाल दुसऱ्या मुलखांतील शिफारशींपेक्षां आपल्या अधिक उपयोगाचा ठरेल.